गोबरगॅसचं अनुदान घ्यायचंय? आधी आठवडाभर शेण मोजा

आमच्या गावात मी दूध संकलन केंद्र चालवते. धाराशिव जिल्ह्यातला बालाघाटाचा पट्टा, घरटी चार-सहा जनावरं, जवळच भूम-कुंथलगिरीकडं खव्याच्या भट्ट्या. सकाळी सहाला माणसं कॅन घेऊन रांगेत उभी राहतात आणि फॅट लागेपर्यंत काहीतरी बोलणं निघतंच. आमच्या घरी गोबरगॅस पेटायला लागल्यापासून बोलण्याचा विषय ठरलेला आहे: "ताई, अनुदान किती मिळालं?"

आकडा मी सांगते, पण त्याआधी एक विचारते. तुमच्या गोठ्यातून रोज किती किलो शेण निघतं? याचं उत्तर आजवर दोघांनीच दिलं. बाकीचे जनावरांची संख्या सांगतात. जनावरांची संख्या अनुदानाच्या प्रस्तावाला, म्हणजे अर्जाला, लागते. गॅस शेणातून निघतो आणि अनुदानाचा आकडा प्लँटच्या आकारावर ठरतो, म्हणून सुरुवात शेणापासून करायची.

एक तानकाटा आणा, नसेल तर कुणाचा मागून घ्या. घमेलं त्याला अडकवा आणि सात दिवस, दोन्ही वेळचं शेण मोजून भिंतीवर खडूने लिहा. पुस्तकी हिशेबात देशी गाईला दिवसाचं १० किलो आणि म्हशीला १५ किलो शेण धरतात. तो हिशेब दावणीला बांधलेल्या जनावराचा. आपली जनावरं दुपारभर बांधावर, ओढ्याकाठी, माळावर असतात आणि तिथं पडलेलं शेण घरी येत नाही. आमच्याकडं तीन म्हशी, दोन जर्सी गाई आणि एक कालवड. कागदावर ७० किलो. मी मोजलं तर ५८, ५४, ६१, ४९, ५७, ६०, ५५. सरासरी ५६. ज्या दिवशी ४९ भरलं त्या दिवशी म्हशी तळ्यावर जास्त वेळ डुंबत होत्या, एवढाच फरक.

साधारण २५ किलो ताज्या शेणातून १ घनमीटर गॅस मिळतो. म्हणजे आमचा प्लँट २ घनमीटरचा. आमच्या दारात आलेल्या एका एजंटाने सहा जनावरं मोजली आणि ४ घनमीटरचा घ्या म्हणाला. ४ घनमीटरला रोज १०० किलो शेण लागतं. तेवढं टाकता आलं नाही तर प्लँट कायम अर्धपोटी राहतो, शेगडीला दाब येत नाही आणि जास्तीच्या विटा-सिमेंटचे पैसे आपल्याच घरातून गेलेले असतात.

मोजणी झाली की घरात बसून एक वाटणी करा. गोवऱ्या कोण थापतं, सारवणाला किती लागतं, उकिरड्यात किती जातं. आमच्याकडं गोवऱ्यांचा सगळा कारभार सासूबाईंचा. त्यांना विचारल्याशिवाय मी ५६ चे ५६ धरले असते तर दुसऱ्याच आठवड्यात घरात वाद झाला असता. त्यांनी सहा किलो बाजूला ठेवायला सांगितलं, तुळशीपुढं सारवायला आणि चुलीवर पाणी तापवायला थोड्या गोवऱ्या हव्यातच म्हणाल्या. उरले ५०. नेमकं २ घनमीटरचं शेण.

पाण्याचं आधी ठरवा

आता मराठवाड्यातला खरा अडथळा. शेण जितकं तितकंच पाणी त्यात कालवावं लागतं. ५० किलो शेणाला रोज ५० लिटर पाणी. पावसाळ्यात हे पाणी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. पण २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं होतं, तो काळ आपण सगळ्यांनी काढलाय. टँकरच्या पाण्यातलं ५० लिटर रोज शेणात ओतायला कुणाचा हात धजेल? आमच्या भागात बंद पडलेले कितीतरी गोबरगॅस मी पाहिले. त्यातले बरेच एखाद्या उन्हाळ्यात पाण्यावाचून बंद झाले आणि पुन्हा कुणी सुरू केले नाहीत.

यावर आमच्याकडं दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक म्हणजे गोठ्याची जमीन पक्की आणि उताराची करून मूत्र एका टाक्यात धरणं. राज्य सरकारने ३ फेब्रुवारी २०२१ च्या निर्णयाने शरद पवार ग्रामसमृद्धी योजना आणली, तिच्यातून २ ते ६ जनावरांच्या पक्क्या गोठ्याला ७७,१८८ रुपये धरले होते आणि त्या नकाशात गव्हाणीबरोबर २५० लिटरचं मूत्रसंचय टाकंही होतं. आमचा गोठा रोजगार हमीतून तसाच झाला. अनेकांनी ते टाकं बांधून घेतलं आणि वर फरशी टाकून विसरून गेले. ते उघडा. मूत्र आणि गोठा धुतलेलं पाणी मिळून आमचं निम्म्याहून जास्त पाणी तिथूनच निघतं. अट एकच, गोठा फिनेल किंवा साबणाच्या पाण्याने धुतला असेल तर ते पाणी प्लँटमध्ये जाऊ द्यायचं नाही. गॅस तयार करणारे जिवाणू त्याने मरतात.

दुसरी गोष्ट म्हणजे स्लरीची, म्हणजे गॅस निघून गेल्यावर प्लँटमधून बाहेर पडणाऱ्या पातळ शेणाची, निथळ परत वापरणं. एप्रिल-मे महिन्यात मी स्लरी एका खड्ड्यात मुरू देते, वरचं पातळ पाणी बादलीने काढते आणि शेण कालवताना अर्धं पाणी म्हणून तेच घालते. या दोन महिन्यांत ताजं पाणी फार थोडं लागतं.

एवढं करूनही उन्हाळ्यात रोज पंधरा-वीस लिटर पाणी निघणार नसेल तर सध्या प्रस्ताव भरू नका. हे मी रांगेत तोंडावर सांगते आणि काही जणांना राग येतो. पण अनुदान घेऊन बंद पडलेल्या प्लँटवर त्याच घराला पुन्हा अनुदान मिळत नाही.

अनुदानाचे आकडे कसे वाचायचे

हे पैसे केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचे. २ नोव्हेंबर २०२२ ला राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम जाहीर झाला. त्याचा पहिला टप्पा २०२१-२२ ते २०२५-२६ असा आखला होता, ८५८ कोटी रुपयांचा, आणि त्यातले १०० कोटी बायोगॅससाठी. खालचे दर त्या टप्प्याचे आहेत. तुम्ही ज्या आर्थिक वर्षात अर्ज करणार त्या वर्षाचं परिपत्रक पंचायत समितीच्या कृषी विभागात मागून घ्या आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तोंडी आकड्यावर खड्डा खणू नका.

सर्वसाधारण गटाला १ घनमीटरला ९,८०० रुपये, २ ते ४ घनमीटरला १४,३५०, ६ घनमीटरला २२,७५०, ८ ते १० घनमीटरला २३,०००, १५ ला ३७,९५० आणि २० ते २५ घनमीटरला ५२,८००. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबांना जास्त: १ घनमीटरला १७,०००, २ ते ४ ला २२,०००, ६ ला २९,२५०. त्यासाठी जातीचा दाखला प्रस्तावाला जोडायचा, नंतर देतो म्हणून चालत नाही. शेणाच्या प्लँटला संडास जोडला तर आणखी १,६०० रुपये. संडास जोडायला आमच्याकडं अजून घरातून होकार मिळत नाही, आणि त्याच गॅसवर भाकरी भाजायची म्हणल्यावर ते मी समजू शकते. गॅसला त्याने काही बाधा येत नाही एवढं मात्र खरं.

आता हे आकडे नीट बघा. २, ३ आणि ४ घनमीटर तिघांना एकच रक्कम. ६ वरून ८ वर गेलात तर अनुदान २५० रुपयांनी वाढतं आणि बांधकामाचा खर्च काही हजारांनी. म्हणजे मोठा आकार घेऊन सरकारकडून जास्त पैसे निघतात हा समज या पायऱ्यांवर तरी खोटा आहे. ज्याच्याकडं ५० किलो शेण आहे त्याने २ घनमीटरचाच घ्यावा, कारण या तिघांत त्याला अनुदानाचा वाटा सगळ्यात मोठा पडतो.

एवढ्यावर सगळा खर्च निघत नाही. विटा, सिमेंट, मुरूम, गवंडी आणि बिगारी धरून आम्हाला अनुदानाच्या तिपटीहून जास्त खर्च आला. काही जिल्हा परिषदा आपल्या सेस फंडातून, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातून, वरती भर घालतात. ती प्रत्येक जिल्ह्यात नसते आणि दरवर्षीही नसते, म्हणून कृषी विभागात हा प्रश्न वेगळा विचारा. तयार फायबरचा किंवा फुग्याचा प्लँट घेणाऱ्यांनी बिलावरचा जीएसटी बघावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बायोगॅस प्लँटवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. जुन्या दराने बिल फाडत असेल तर घेऊ नका. तयार प्लँटचं मॉडेल मंत्रालयाच्या मंजूर यादीतलं नसेल तर अनुदान नाही, हेही पैसे देण्याआधी बघायचं.

प्रस्ताव: क्रम चुकला तर वर्ष जातं

हे मी स्वतः भोगलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या वर्षी अक्षय्य तृतीयेला गवंडी मोकळा होता. पुढं त्याच्याकडं लग्नसराईनंतर दोन घरांची कामं होती. आम्ही विचार केला की अर्ज दिलेलाच आहे, मंजुरी येईल, तोवर खड्डा तरी घेऊन ठेवू. दोन दिवसांत खड्डा झाला. पंधरा दिवसांनी स्थळपाहणीला माणूस आला. तो भला होता, चहा घेतला, जनावरं मोजली, आणि खड्ड्याकडं बघून म्हणाला, "कामाआधीच्या जागेचा फोटो लागतो, वहिनी. मी इथं आता काय दाखवू?" मोकळ्या जागेचा, तारखेसह, जीपीएसवाला फोटो हवा होता आणि ती जागा राहिलीच नव्हती. प्रस्ताव बाजूला पडला. वर्ष संपलं, तालुक्याचा लक्षांक, म्हणजे वर्षाला ठरवून दिलेला प्लँटचा आकडा, संपला, आमचा नंबर पुढच्या वर्षावर गेला. पावसाळाभर तो खड्डा पाण्याने भरलेला राहिला आणि त्याच्या कडा ढासळल्या. दिवाळीनंतर तो बुजवला आणि शेजारी नवी जागा आखली. एका वर्षाच्या उशिरापेक्षाही मला वाईट वाटलं ते सासऱ्यांचं. भर उन्हात त्यांनी स्वतः टिकाव धरला होता.

म्हणून क्रम असा ठेवा. एप्रिलमध्ये, नवं आर्थिक वर्ष सुरू होताच, पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्यांकडं जा आणि तालुक्याला किती लक्षांक आहे, आतापर्यंत किती प्रस्ताव आले हे विचारा. जिल्ह्याला आलेला लक्षांक तालुक्यांत वाटला जातो, तो छोटा असतो आणि मार्चएंडला धावपळीत कुणाचंच काम नीट होत नाही. प्रस्तावाबरोबर सातबारा आणि आठ-अ, आधार, आधार जोडलेल्या बँक पासबुकाची झेरॉक्स, जनावरं असल्याचा दाखला आणि याआधी या योजनेचा लाभ घेतला नाही असं हमीपत्र द्यावं लागतं. जनावरांच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यांचे बारा आकडी नंबर एका कागदावर आधीच लिहून घ्या. बिल्ला नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन मारून घ्या. नंतर स्थळपाहणीच्या दिवशी एकेक कान धरून वाचत बसावं लागत नाही.

सातबारा कुणाच्या नावावर आहे हे घरोघरी अडतं. गोठा सांभाळते बाई, जमीन सासऱ्यांच्या नावावर आणि बँक खातं नवऱ्याचं. प्रस्ताव ज्याच्या नावावर, त्याचंच आधार आणि त्याचंच खातं हवं. आमचं वर्ष गेलं त्याच वर्षी आमच्या वाडीतल्या आणखी एका घराचे पैसे या एका गोष्टीमुळं चार महिने अडकले.

पूर्वसंमती कागदावर हातात आली, मोकळ्या जागेचा फोटो झाला, की मगच चुना टाकून वर्तुळ आखा. पोहोच घेतल्याशिवाय एकही कागद देऊ नका. सगळ्याच्या दोन झेरॉक्स एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवा.

काळ्या मातीतलं बांधकाम

बहुतेक घरांना दीनबंधू प्रकारचा प्लँट बरा पडतो. १९८४ मध्ये आलेला हा विटांचा, जमिनीतला, घुमटाचा नमुना. याच्याआधीचा खादी ग्रामोद्योगचा लोखंडी टाकीचा असायचा. माझ्या माहेरी तसा होता. गॅस भरला की टाकी वर यायची आणि लेकरं धावत बघायला जायची. पण टाकीला दरवर्षी रंग द्यावा लागायचा. एकदा चुकला आणि पत्रा गंजून भोकं पडली.

दीनबंधूला गंजायला काही नाही, पण त्याला भेग चालत नाही. आणि आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर फाटते, पावसाळ्यात फुगते. घुमटाच्या भोवती तीच माती परत भरली तर दोन-तीन वर्षांत केसाएवढी चीर पडते आणि गॅस कुठून जातो ते कळत नाही. म्हणून शक्य असेल तर मुरूम लागेपर्यंत खणा आणि बाहेरून भरावही मुरमाचाच करा, थरावर थर पाणी मारून, चोपून. गवंडी म्हणेल इतकं कशाला. आग्रह धरा. आमच्या गवंड्याला मी दोन ट्रॉली मुरूम आधीच आणून दाखवला, मग तो काही बोलला नाही.

जागा उन्हाची हवी, जवळ झाड नको, पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर किमान पन्नास फूट लांब, आणि गोठा व स्वयंपाकघर दोन्ही जवळ. गोठा लांब असेल तर घमेली वाहणारी बाई सहा महिन्यांत थकते आणि प्लँट उपाशी पडतो. गवंडी प्रशिक्षण घेतलेला आहे का, ते कृषी विभागात विचारून घ्या. अशा उभारणी करणाऱ्याला सरकार वेगळी फी देतं आणि तिच्यात पाच वर्षांची मोफत देखभाल धरलेली असते. ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या, कारण दुसऱ्या वर्षी फोन लावला की नंबर लागत नाही, असा अनुभव खूप जणांचा आहे.

बांधकामाचे फोटो तीन वेळा काढायचे: पाया झाल्यावर, घुमट बांधताना मातीचा भराव टाकायच्या आधी, आणि शेवटी शेगडी पेटलेली असताना. मधला फोटो राहिला तर नंतर सगळं जमिनीखाली जातं आणि आत काय बांधलंय ते कुणालाच दाखवता येत नाही.

पहिल्यांदा भरायला खूप शेण लागतं. महाराष्ट्रातल्या हवेत शेण प्लँटमध्ये सुमारे ४० दिवस राहावं असा हिशेब धरतात. रोज ५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी, म्हणजे १०० लिटर, गुणिले ४०: चार हजार लिटर. त्यातलं निम्मं, म्हणजे दोन टन, शेण. घरचं महिनाभराचं साठवा, ओलं ठेवा, शेजाऱ्यांकडून चार पाट्या मागा, आणि चालू असलेल्या एखाद्या प्लँटमधून दोन-तीन पिंपं स्लरी आणून त्यात घाला. दुधाला विरजण लावतो तसंच आहे ते. आम्ही शेजारच्या गावातून तीन पिंपं बैलगाडीतून आणली आणि अठराव्या दिवशी गॅस आला. पहिला गॅस हवेत सोडून द्यायचा, त्यात हवा मिसळलेली असते, पेटवायला जायचं नाही.

शेण कालवताना हात घालायला लाजू नका. रोज सकाळी मी कालवायच्या कुंडीत कोपरापर्यंत हात घालते, बोटांनी तळ चाचपते. कडब्याची चिपाडं, खडे, वाळू, मागच्या आठवड्यात तर नथीएवढा लोखंडी तुकडा हाताला लागला. वाळू आत गेली की तळाशी बसते आणि चार-पाच वर्षांनी प्लँट उपसावा लागतो. कडबा आत गेला की वर साय धरते आणि गॅस अडतो. गुठळी फुटून पिठल्यासारखं एकसारखं झालं की मगच कुंडीच्या तोंडाचा बोळा काढायचा.

शेगडी बायोगॅसचीच घ्या, सिलिंडरच्या शेगडीवर ही ज्योत धड लागत नाही. पाइपात पाणी साठतं, त्यासाठी सखल जागी पाणी काढायची तोटी ठेवा आणि आठवड्यातून एकदा उघडा. ज्योत निळी हवी. पिवळी पडली तर शेगडीची हवेची भोकं आधी साफ करा.

तपासणीला माणूस येईल तेव्हा चहा त्याच शेगडीवर ठेवा. पेटलेल्या शेगडीचा फोटो झाला, प्लँटवर योजनेचं नाव, वर्ष आणि लाभार्थीचं नाव रंगवलं, की फाइल पुढं सरकते. पैसे थेट खात्यात येतात. आमचे आले तेव्हा बांधकाम होऊन पाच महिने झाले होते. म्हणून उसनवारी करताना अनुदान दोन महिन्यांत येईल असं धरून कुणाला शब्द देऊ नका.

गॅस किती आणि स्लरीचं काय

२ घनमीटर गॅस रोज पूर्ण मिळाला तर महिन्याला सुमारे २६ किलो एलपीजीएवढं काम होतं. म्हणजे १४.२ किलोच्या पावणेदोन टाक्या. थंडीत कमी मिळतो, पौष महिन्यात आमची संध्याकाळची भाकरी चुलीवर होते. तरी सासूबाईंचा हिवाळ्यातला खोकला यंदा निम्म्यावर आला, आणि माझ्या दृष्टीने हेच सगळ्यात मोठं.

पण शेतकऱ्याचा खरा फायदा स्लरीत आहे, आणि सरकारी मदतीत याची बाजू अजून दुबळी आहे असं माझं ठाम मत आहे. घुमट बांधायला अनुदान मिळतं. बाहेर पडलेल्या खताला छोट्या घरासाठी काही नाही. केंद्राने २८ जून २०२३ ला बायोगॅस प्लँटमधल्या आंबवलेल्या सेंद्रिय खताच्या विक्रीला टनामागे १,५०० रुपये मदत मंजूर केली, तीन वर्षांसाठी १,४५१.८४ कोटी रुपये. ती केंद्राच्या गोबरधन योजनेच्या पोर्टलवर नोंद असलेल्या मोठ्या प्लँटसाठी. माझ्या दारातल्या स्लरीला ते पैसे नाहीत. आमच्यासारख्या घरांची स्लरी दूध संघाने किंवा बचत गटाने गोळा करून विकावी, हा रस्ता आहे. गुजरातमध्ये आणंदजवळ झकरियापुरा गावात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने हेच करून दाखवलंय. घरोघरी छोटे प्लँट बसवले आणि जास्तीची स्लरी बायांकडून विकत घेऊन तिचं खत केलं. मराठवाड्यात मंडळाचा दूध प्रकल्प चालूच आहे, दुधाच्या गाड्या गावोगाव फिरतातच. दुधाच्या मागोमाग स्लरीचा टँकरही फिरायला हरकत काय? गावाच्या बैठकीत हा विषय मी दोनदा मांडलाय.

एकट्याचं नाही, दहा-वीस घरांचं शेण एकत्र करायचं असेल तर दारं वेगळी आहेत. एप्रिल २०१८ मध्ये सुरू झालेल्या गोबरधनमध्ये स्वच्छ भारत अभियानातून जिल्ह्याला ५० लाखांपर्यंत निधी होता. ही चौकशी जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता विभागात करायची, कृषी विभागात नाही. गॅसवर वीज करायची तर जैवऊर्जा कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यात ३ ते २५० किलोवॅटच्या प्लँटला किलोवॅटमागे ३५,००० ते ४५,००० रुपये होते. शेतकरी कंपनीला कर्ज काढायचं असेल तर पशुसंवर्धन पायाभूत सुविधा निधीत २०२५-२६ पर्यंत व्याजावर ३ टक्के सूट होती आणि शेणापासून खत-गॅस करणं त्यात बसत होतं. यातलं काहीही खव्याच्या भट्टीवाल्यांनी एकत्र येऊन केलं तर मला फार आनंद होईल. दूध तिथंच येतं, शेण तिथंच आहे, आणि भट्टीत अजून बाभळीची लाकडं जळतात.

घरच्या स्लरीचं म्हणाल तर ती उन्हात उघडी टाकू नका, नत्र उडून जातं. सावलीत खड्डा करा, वर पाचट किंवा सोयाबीनचं भुसकट टाका. आम्ही मृगाआधी महिनाभर ती ट्रॉलीने शेतात नेतो आणि पाणी असेल तेव्हा पाटाच्या पाण्याबरोबर सोडतो. गेल्या वर्षी तुरीच्या ज्या ओळींना दिली तिथं शेंगा लागेपर्यंत पानं हिरवी राहिली होती.

तानकाटा सध्या माझ्याकडं नाही. वेशीजवळच्या एका घरी दिलाय. दोन गाई, एक म्हैस आणि पाण्याला सामाईक बोअर. आज चौथा दिवस आहे आणि खडूचे आकडे ३१, २९, ३४, ३० असे आहेत. घरातला मुलगा २ घनमीटरचा फॉर्म घेऊन बसलाय, कारण त्याला १४,३५० दिसतात. आठवडा झाला की मी त्याला १ घनमीटरचा भरायला सांगणार आहे.